दुसरा डोळा

पापण्यांना एकेक नकली केस चिकटवून देण्याचा धंदा असतो आणि तो शिकवणारे वर्गही असतात, हे वहिनींच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. त्या धंद्याबद्दल. बिचारा आता वहिनींच्या हाती लागला होता, म्हणजे अर्ध्यावर सुटणार होता.

वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. नवऱ्याचे मित्र, शेजारपाजारचे, खालचा इस्त्रीवाला. वयाने मोठ्या असलेल्या नणंदबाईसुद्धा टोमणा मारायचा असला की 'वहिनीबाई' म्हणत, म्हणजे दिवसातून बऱ्याच वेळा. पंचेचाळिशीकडे झुकलेली ही ठेंगणी बाई बोलायच्या आधी घसा खाकरायची आणि मग बहुधा बोलायचीच नाही. एवढ्यावरून ती गरीब स्वभावाची आहे असा लोकांनी समज करून घेतला होता. तो सोयीचा होता, म्हणून कोणी तपासून पाहिला नाही.

घरात त्यांची ख्याती आरंभशूर म्हणून होती. शिवणाचा क्लास लावला तेव्हा एका बाहीचा फ्रॉक तयार झाला. विणकाम शिकल्या तेव्हा नवऱ्याचा स्वेटर गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. टायपिंगमध्ये डाव्या हाताची बोटं तरबेज झाली, उजव्याची पाळी आली नाही. केकच्या वर्गात केक फुगवायला शिकल्या. सजवायला पुढच्या महिन्यात शिकवणार होते. नणंदबाई म्हणत, "हिला उद्घाटनाला बोलवा, समारोपाला नको."

आता प्रत्येक वेळी मध्येच काहीतरी आलं होतं, हेही खरं. कधी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. कधी मुलीची परीक्षा. कधी नवऱ्याची बदली. कधी नणंदबाईंच्या घरी रंगकाम निघालं आणि त्या आपला संसार घेऊन महिनाभर इकडे राहायला आल्या. ही कारणं घराच्या लक्षात राहिली नाहीत. लक्षात राहिली ती एक बाही. वहिनींचं स्वतःचंही या बाबतीत नक्की काही ठरत नव्हतं. कारण आलं म्हणून सुटलं, की सुटायचंच होतं म्हणून कारण धावून आलं? हा प्रश्न त्या भांडी घासताना स्वतःला विचारत आणि भांडी संपली की तोही अर्ध्यावर सोडत.

पार्लर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, एका औषधाच्या दुकानाच्या वर. खाली लोक डोळ्यांत घालायचे थेंब घेत आणि वर डोळ्यांवर केस लावून घेत. पार्लर चालवणाऱ्या मॅडम उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या होत्या. शिकायला आलेल्या बायकांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "माझी जुनी मुलगी सोडून गेलीय. कोपऱ्यातला पलंग रिकामा आहे. जी माझ्यासमोर जिवंत माणसाच्या दोन्ही डोळ्यांना व्यवस्थित लॅश लावून दाखवेल, तिला तो पलंग. दोन केस एकमेकांना चिकटलेले दिसले, तर घरचा रस्ता धरायचा."

शिकायला येणाऱ्या बाकीच्या बायका हळूहळू गळाल्या. एकीला डिंकाच्या वासाने शिंका येत, एकीचे हात थरथरत, एकीला आपलं लग्न ठरल्याचं एकदम आठवलं. उरल्या वहिनी. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुठल्यातरी वर्गात शेवटपर्यंत उरल्या होत्या आणि त्यामुळे फार घाबरल्या होत्या. तो पलंग त्यांना हवा होता. तशी घरात पलंगांची कमतरता नव्हती. पण तिथे निजणारा आपल्याला 'जरा ऐक' म्हणणार नाही, उलट आपण त्याला 'हलू नका' म्हणू, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. आणि हेही सुटलं, तर पुढच्या वेळी नणंदबाईंच्या आधी आपणच आपल्याला हसू, हे त्यांना कळून चुकलं होतं.

सरावासाठी मॅडमनी एक प्लॅस्टिकचं डोकं दिलं. त्याला मान होती, ओठ होते, मिटलेले डोळे होते. केस मात्र फक्त पापण्यांना. वहिनींनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. नणंदबाई चहाला आल्या. त्या राहत शेजारच्या इमारतीत, पण चहापुरत्या इथेच राहत.

"अगंबाई, हे काय?"

"डोकं आहे, ताई. सरावाला."

"बरं केलंस. या घरात एक कमी आहे असं मी केव्हाची म्हणत होते."

डोकं शांतपणे पडून राहिलं. तसं ते गुणी होतं. बोलत नव्हतं, हलत नव्हतं, शिंकत नव्हतं, आणि दर थोड्या वेळाने 'किती राहिलं गं?' असं विचारत नव्हतं. काम असं असतं: खालच्या पापणीवर एक ओलसर पट्टी चिकटवायची, म्हणजे खालचे केस वरच्यांत गुंतत नाहीत. मग दोन चिमटे. डाव्या हातातल्या सरळ चिमट्याने खऱ्या केसांच्या गर्दीतून एकच केस बाजूला काढून धरायचा. उजव्या हातातल्या वाकड्या चिमट्याने नकली केस उचलायचा, त्याचं बूड डिंकाच्या थेंबात बुडवायचं आणि त्या एकट्या खऱ्या केसावर अलगद ठेवायचं. कातडीला लावायचं नाही; तांदळाच्या पाव दाण्याएवढी जागा सोडायची. मग श्वास धरून थांबायचं. मग पुढचा. एकाला एक. दोन शेजारी चुकून चिकटले तर संपलं. प्रत्येक केस आपापल्या वेगाने वाढतो, जोडीतला एक दुसऱ्याला ओढत बसतो आणि शेवटी दोघंही मुळासकट येतात.

"लावणं सोपं आहे," मॅडम म्हणत. "वेगळं करणं अवघड."

हे वहिनींना समजायला वेळ लागला, यात नवल नाही. ज्या बाईने वीस-बावीस वर्षं सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचे डबे, नवऱ्याचे मोजे आणि नणंदबाईंचा चहा एकाच चिकट गोळ्यात सांभाळला, तिला 'एकेकाला वेगळं काढा' म्हणून सांगणं म्हणजे माशाला जिना चढायला सांगण्यासारखं. प्लॅस्टिकच्या डोक्यावर मात्र त्यांना जमू लागलं. जमू लागलं तसा धीर आला. आणि धीर आला की माणूस जी चूक करतो ती त्यांनी केली. जिवंत डोळा शोधला.

सगळ्यात जवळचा जिवंत डोळा नवऱ्याचा होता.

वहिनींचे यजमान गाडी चालवण्याचा परवाना देणाऱ्या कचेरीत परीक्षक होते. नवशिक्या चालकाच्या शेजारी बसायचं, गंभीर चेहरा ठेवायचा आणि शेवटी नापास करायचं, हे त्यांचं काम. पास करण्याचीही मुभा होती, पण ती ते जपून वापरत. घरीही सवय तीच. भाजी, मुलीचे गुण, पंख्याचा वेग, सगळ्याला त्यांची मान आधी आडवी हलायची. सगळे त्यांना साहेब म्हणत. वहिनी 'अहो' म्हणत.

सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की साहेब सोफ्यावर आडवे होत आणि इमारत पडली तरी उठत नसत. त्या दुपारी वहिनी चिमटे घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या.

"अहो, जरा डोळे मिटून पडाल का?"

"मिटलेलेच आहेत."

"मी थोडा सराव करते हं. डोळ्यांवर."

"दुखणार?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?" असं म्हणून साहेब घोरू लागले. इतकी रीतसर परवानगी त्या घरात आजवर कोणाला मिळाली नव्हती.

जवळून पाहिलं तेव्हा वहिनींना एक गोष्ट कळली. साहेबांच्या पापण्यांचे केस फार सुरेख होते. दाट, काळेभोर. देव तरी कसा, जिथे कोणी पाहणार नाही तिथे नेमका खर्च करतो. वहिनींना उत्साह आला. उजव्या डोळ्यापासून सुरुवात झाली. जरा लांबच केस घेतले, जरा जास्त वळणाचे. साहेबांच्या घोरण्याबरोबर पापणी वरखाली होई; तिची लय सापडेपर्यंत बरेच केस लागून गेले. दाटीमुळे कुठे दोन, कुठे तीन एकत्र धरले गेले असावेत. वहिनींना तेव्हा ते दिसलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की नवऱ्याचा एक डोळा एखाद्या नर्तकीसारखा दिसू लागला आहे.

डाव्या डोळ्याला हात घालणार तोच दाराची घंटा वाजली. नणंदबाई आल्या होत्या. साहेब दचकून उठले, दार उघडायला गेले आणि दार उघडून बहिणीसमोर उभे राहिले.

नणंदबाईंनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. मग त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"अगं, हा माझा भाऊ आहे ना? का अर्धाच?"

साहेबांनी आरसा पाहिला. मग वहिनींकडे पाहिलं. त्या डोळ्याने रागावणं त्यांना जमेना. रागावले की तो जास्तच लाडिक दिसे.

"काढ हे."

वहिनींनी घसा खाकरला. काढायचं मलम त्यांच्याकडे नव्हतं. लावायच्या सामानात ते येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. आणि काढायची वेळ कशाला येईल, असा त्यांचा विचार होता. असा विचार करणारी माणसं जगात फार थोडी उरली आहेत. नुसते ओढले असते तर साहेबांचे स्वतःचे केसही सोबत आले असते. पार्लर दुसऱ्या दिवशी बंद. आणि साहेबांची कचेरी सुरू.

साहेब काळा चष्मा लावून कामावर गेले. बरंचसं निभावलं. पण दुपारी ट्रक चालवण्याच्या परवान्यासाठी एक धिप्पाड गृहस्थ आला. मैदानातल्या लाल दिव्यापाशी त्याने ट्रक थांबवला, बरोबर थांबवला. साहेबांनी कागदावर खूण करायला चष्मा काढला. डोळ्यावर एवढं ओझं, त्यात वारा. पापणी आपोआप फडफडली. त्या गृहस्थाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि लाल दिवा लागलेला असताना ट्रक पुढे काढला.

"दिवा दिसला नाही?" साहेब ओरडले.

"दिसला ना साहेब. पण तुम्ही डोळा मारलात. मला वाटलं, जा म्हणताय."

कचेरीच्या इतिहासात त्या दिवशी पहिल्यांदा एका नापास माणसाला लगेच दुसरी संधी मिळाली. तो पास झाला, आणि पास झाल्यावरही जाताना साहेबांकडे संशयानेच पाहत गेला.

पार्लर उघडल्यावर साहेब मॅडमपुढे बसले. मॅडमनी भिंगाचा दिवा त्यांच्या डोळ्यावर धरला.

"हे कोणी केलं?"

"माझ्या बायकोने."

"हे लॅश नाहीत, केरसुणी आहे." मग वहिनींकडे वळून, "या, बघा. हा गठ्ठा बघा. तीन केस एका डिंकात. इथे चार. यांना एकमेकांपासून सुटायला जागाच नाही." वहिनींनी भिंगातून पाहिलं. खरंच, नुसता चिखल होता. लांबून छान दिसत होतं. बऱ्याच संसारांचं असतं तसं.

त्यानंतर वहिनी पुन्हा प्लॅस्टिकच्या डोक्याकडे वळल्या. आता त्या लावतच नसत. नुसता एक केस वेगळा काढायचा, धरायचा, सोडायचा. पुढचा. साहेबांनी विचारलं, "लावत का नाहीस?" तर म्हणाल्या, "वेगळं करायला शिकतेय." साहेबांनी वर्तमानपत्र जरा पुढे ओढून घेतलं. या वाक्याचा पुढचा भाग ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

परीक्षेच्या दिवसासाठी मुलगी तयार झाली होती. कॉलेजात जाणारी, आईसारखीच थोडी अबोल, पण फुकटात लॅश मिळणार म्हणून खूश. मैत्रिणींना सांगूनही झालं होतं. मॅडमनी दुपारची वेळ दिली होती, अंधार पडायच्या आत दोन्ही डोळे पुरे व्हायला हवेत अशी अट घालून. वहिनींनी चिमटे पुसून पेटीत ठेवले, नवा डिंक घेतला, काढायचं मलमही घेतलं. आता त्या जगाला ओळखून होत्या.

त्या दिवशी निघायच्या वेळी, वहिनींनी चपला घातल्या तेव्हा, मुलगी खोलीतून बाहेर आली ती एक हात डोळ्यावर धरून.

"आई, बघ ना काय झालंय."

वरच्या पापणीवर टपोरी, लालबुंद रांजणवाडी आली होती. डोळा अर्धा मिटला होता. अशा डोळ्याला डिंकाचा वासही चालत नाही; मॅडमनी दारातूनच परत पाठवलं असतं.

नणंदबाई धीर द्यायला म्हणून मुद्दाम लवकर आल्या होत्या. त्यांनी भाचीची हनुवटी धरून डोळा उजेडाकडे वळवला, पाहिला, आणि एक लांब उसासा सोडला. त्यात दुःख किती आणि समाधान किती, हे वेगळं करायला मॅडमचा चिमटाही पुरला नसता.

"राहू दे गं मग," त्या वहिनींना म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातात का आहे ते? काहीतरी येतंच बघ तुझ्या आड. दर वेळी."

वहिनी खुर्चीवर बसल्या. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना फार बरं वाटलं. कारण आलं होतं. वेळेवर, न चुकता, दर वेळसारखं. आता चहा टाकायचा, मुलीच्या डोळ्याला शेक द्यायचा, संध्याकाळी साहेब विचारतील तेव्हा मुलीकडे बोट दाखवायचं. कोणी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणतील, पण नेहमीचंच म्हणतील. त्यांनी एका पायातली चप्पल काढलीसुद्धा.

दुसरी काढताना त्यांचं लक्ष नणंदबाईंच्या डोळ्यांकडे गेलं. सवयच लागली होती आता, माणूस बोलायला लागला की त्याच्या पापण्या बघायची. नणंदबाईंच्या पापण्यांना केस विरळ होते, आखूड होते, उन्हाने वाळलेल्या गवतासारखे. पण रांजणवाडी नव्हती.

वहिनींनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

"ताई, तुम्ही चला."

"कुठे?"

"पार्लरमध्ये. माझ्यासमोर झोपायला."

"मी? अगं, माझं वय काय, माझ्या डोळ्यांवर आहे काय? आणि तू काय कमी सोंग केलंस माझ्या भावाचं?"

"आता काढायचं मलम आहे माझ्याकडे."

"नाही म्हणजे नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मग मॅडमना सांगून येते की मला जमत नाही. तुम्ही इथेच थांबा."

नणंदबाईंनी पर्स उचलली. इतकी वर्षं जिची फजिती लांबून, ऐकीव माहितीवर पाहिली, तिची आज समोर होणारी फजिती घरी बसून हुकवायची, एवढ्या त्या वैरागी नव्हत्या. सगळ्यात जवळची जागा मिळत होती. फक्त डोळे मिटून बसावं लागणार होतं, हे पलंगावर आडवं होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

पार्लरमध्ये मॅडमनी एकदा नणंदबाईंकडे आणि एकदा वहिनींकडे पाहिलं. "मुलगी येणार होती ना?"

"डोळ्याला रांजणवाडी आली."

"या चालतील." मॅडमनी नणंदबाईंच्या पापण्या पाहून पुढे जोडलं, "अवघड जातील, पण चालतील."

"ऐकलंस?" पलंगावरून नणंदबाई म्हणाल्या. "मी अवघडच आहे."

खालच्या पापण्यांवर पट्ट्या लागल्या. डोळे मिटले. दिवा खाली आला. वहिनींनी पहिला केस वेगळा काढला.

"मंद उजेड आहे का गं इथे?" नणंदबाईंनी विचारलं. पापणी हलली, केस निसटला.

वहिनींनी पुन्हा काढला.

"नाही, म्हणजे तुला दिसतंय ना?"

निसटला.

"आणि हा वास कसला? आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई नाही का, त्यांच्या जावेने असंच काहीतरी केलं होतं, भुवयांना. आठवडाभर ती सारखी आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होती. मयताला गेली तरी तसंच. लोक म्हणाले, हिला खबर नव्हती की काय—"

डिंकाचा थेंब वाळला. वहिनींनी नवा थेंब टाकला. तोही वाळला. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, त्या नुसत्या म्हणाल्या, "समोरच्याला शांत ठेवणं हेही तुमचंच काम आहे."

हे काम लग्न झाल्यापासून कोणालाच जमलं नव्हतं. नणंदबाईंच्या यजमानांना जमलं नव्हतं, ते शेवटी कमी ऐकू येण्याकडे वळले. सासूबाईंना जमलं नव्हतं. वहिनींनी चिमटे खाली ठेवले, घसा खाकरला, आणि या वेळी खरंच बोलल्या.

"ताई, ओठ हलले की पापणी हलते. पापणी हलली की डिंक आत उतरतो. आत उतरला की डोळा आतून चिकटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मग उघडत नाही."

हे धादांत खोटं होतं. मॅडमना ठाऊक होतं. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलीत फार रस घेतला.

नणंदबाईंनी तोंड मिटलं.

ती शांतता आधी वहिनींना अंगावर आल्यासारखी झाली. मग तिची सवय झाली. नणंदबाईंच्या पापणीवर केस शोधणं म्हणजे टकलावर ऊ शोधण्यातलाच प्रकार होता. पण एक सापडला की तो एकटाच सापडे, त्याला शेजारीच नसे. आतल्या कोपऱ्यात आखूड, मग थोडे लांब, मग बाहेरच्या बाजूला पुन्हा जरा कमी. एक काढायचा, धरायचा, लावायचा, थांबायचं. एक आखूड केस दोनदा निसटला. वहिनींनी तो तिसऱ्यांदा धरला. त्या कोणाकडे बघत नव्हत्या, भिंतीवरच्या घड्याळाकडेही नाही. मॅडम बघत होत्या.

उजवा डोळा पुरा झाला तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या गच्चीवरून उतरून गेलं होतं. मॅडम उठल्या. बारीक दाताचा ब्रश घेऊन त्यांनी तो डोळा मुळापासून टोकापर्यंत विंचरला. ब्रश कुठे अडला नाही. भिंग लावलं. पुन्हा विंचरला.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "एकही जोडलेला नाही."

वहिनींनी चिमटे पुसायला घेतले.

"पण फार सावकाश. इतक्या वेळात माझी जुनी मुलगी दोन बायका उठवून घरी पाठवायची. गिऱ्हाईक एवढं थांबत नाही हो. आता अंधार पडेल. असं करा, दुसरा डोळा मी पटकन करून देते, यांना असं कसं पाठवायचं. तुम्ही अजून सराव करा. सहा महिन्यांनी बघू."

आवाजात वाईटपणा नव्हता. उलट समजूतदारपणाच होता, आणि तोच जास्त लागतो. वहिनी 'बरं' म्हणणार होत्या. तो शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर कायम तयारच असे.

तेवढ्यात पलंगावरचा मुडदा उठून बसला. एक डोळा लांब काळ्या केसांनी नटलेला, दुसऱ्याखाली पांढरी पट्टी, आणि तोंडात कितीतरी वेळाचा साठा.

"कोणाला सावकाश म्हणताय?"

"ताई, तुम्ही झोपा—"

"झोपले होते ना! मी, आणि इतका वेळ! माझ्या आईला सांगितलं तर ती डॉक्टरला बोलावेल. हिने मला गप्प केलं, हे तुम्हाला दिसलं नाही? आणि हिला नापास करताय? अहो, हिला नापास करायला आम्ही घरचे मेलोय का? वीस वर्षं करतोय आम्ही. तो आमचा मान आहे. बाहेरच्यांनी मध्ये पडायचं कारण नाही."

"मी फक्त वेळेचं बोलले," मॅडम म्हणाल्या.

"आणि दुसऱ्या डोळ्याला तुम्ही हात लावायचा नाही. एका तोंडावर दोन सुतार मला चालणार नाहीत."

"पण पार्लर बंद करायची वेळ झालीय—"

"करा की बंद! आम्ही आत बसतो."

हे असं बराच वेळ चाललं असतं. नणंदबाईंचा आवाज खालच्या औषधाच्या दुकानात पोचला होता. कोणीतरी जिन्यात येऊन वर पाहूनही गेलं. पण बोलता बोलता दोघींच्या लक्षात आलं की जिच्यावरून भांडण चाललं आहे ती भांडणात नाही. वहिनींनी वाळलेला थेंब पुसून नवा टाकला होता. डाव्या डोळ्यासाठी नकली केसांची पट्टी हाताच्या मागच्या बाजूला लावून घेतली होती. दिवा पलीकडे सरकवला होता आणि स्टूलही.

"ताई," त्या म्हणाल्या, "आडव्या व्हा. डोळे मिटा."

नणंदबाई आडव्या झाल्या. हे कसं झालं हे त्यांना स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही.

"आणि मॅडम, नापास करायचं असेल तर करा. पण दोन्ही डोळे झाल्यावर करा. एकावर नको."

 मॅडम बाहेरच्या खोलीत गेल्या. खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा, बंद झाल्याचा, मग दिव्यांची बटणं एकामागून एक. कोपऱ्यातल्या पलंगावरचा दिवा मात्र तसाच राहिला. थोड्या वेळाने मॅडम एक खुर्ची घेऊन परत आल्या आणि पलंगाच्या पलीकडे बसल्या. कधी मान पुढे करून बघत, कधी मागे टेकत. एकदा म्हणाल्या, "डिंक जरा कमी." वहिनींनी कमी घेतला. एवढंच.

डावा डोळा उजव्यापेक्षा लवकर होत होता, पण ते वहिनींच्या ध्यानात नव्हतं. नणंदबाई केव्हाच झोपी गेल्या होत्या. पापणी आता हलत नव्हती.

मग एकदा वहिनींनी सरळ चिमट्याने पुढचा केस शोधला आणि तो नव्हता. बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं. आतल्या कोपऱ्याकडून परत आल्या. प्रत्येकाला जोडीदार मिळालेला होता आणि प्रत्येक जण एकटा होता. वहिनींनी वाकड्या चिमट्यात एक नकली केस धरलेला होता, त्याच्या बुडाला डिंकाचा इवलासा मणी होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. त्या तशाच बसून राहिल्या. कामं सुरू करायला त्यांना सगळ्यांनी शिकवलं होतं. काम संपल्यावर काय करायचं असतं, हे शिकवण्यापर्यंत कुठलाच वर्ग पोचला नव्हता.

मॅडमनी ब्रश फिरवला. अडला नाही.

"संपलं की हो," त्या म्हणाल्या. "मंगळवारी गर्दी नसते. मंगळवारपासून या. घाईची गिऱ्हाइकं देणार नाही, झोपाळू देईन. या पलंगाची चादर तुमची तुम्ही बदलायची. आणि आता उठवा यांना."

वहिनींनी तो उरलेला केस कागदाला पुसला, चिमटे पुसून पेटीत ठेवले, दिवा बाजूला केला. नणंदबाई तोंड किंचित उघडं टाकून झोपल्या होत्या. दोन्ही डोळ्यांवर एकसारखे केस, आणि त्याबद्दल त्यांना अजून बोलायला काही मिळालेलं नव्हतं.

वहिनींनी त्यांच्या खांद्याला हात लावायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. इतकी शांतता वाया घालवायची घाई काय होती?